शाल नको, पुस्तक द्या



माझ्यापुढे दहा जाड कागद आहेत. तुम्हाला ते कोरे दिसत असतील. त्यांवर ब्रेलमध्ये हे भाषण उमटवलेलं आहे आणि उजव्या हाताच्या तर्जनीने मी ते वाचते आहे. मध्ये थांबले तर ओळ बदलते आहे असं समजा.

अध्यक्षपदाचं निमंत्रण घेऊन आयोजक मंडळी घरी आली, तेव्हा त्यांतल्या एकाने अगदी मनापासून सांगितलं, "ताई, तुम्ही अध्यक्ष झालात तर समाजात चांगला संदेश जाईल." माझे चार कथासंग्रह आहेत. त्या दोन तासांच्या भेटीत त्यांतल्या एकाही कथेचा विषय निघाला नाही. तरीही मी हो म्हटलं, कारण मला एक भांडण मांडायचं होतं आणि ते मांडायला याहून योग्य जागा नव्हती.

भांडण असं आहे. आमच्या साहित्य संस्था अपंगांना शाल देतात, श्रीफळ देतात, तीन डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, कार्यक्रम ठेवतात. पुस्तक मात्र देत नाहीत. कुठल्याही साहित्य संस्थेची घटना काढा. तिच्या उद्दिष्टांत मराठी भाषा आणि साहित्याचा प्रसार हे कलम असतंच. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार अपंग नोंदले गेले. इतक्या लोकांना बाहेर ठेवून प्रसार कोणाचा चालला आहे? आमचा प्रश्न समाजकल्याण खात्याकडे ढकलू नका. तो तुमच्याच घटनेतल्या पहिल्या कलमाचा प्रश्न आहे.

मी तेविसाव्या वर्षी पूर्ण अंध झाले. तोवर डोळ्यांनी वाचत होते, त्यामुळे काय गेलं ते मला नेमकं माहीत आहे. काही वर्षांपूर्वी एका जुन्या संस्थेच्या नियतकालिकात माझ्या कथासंग्रहावर परीक्षण आलं. अंक ईमेलने आला. दार लावून घेतलं, हेडफोन लावला आणि संगणकाला वाचायला सांगितलं. तो वाचू लागला : एस, डॉलर, कंस सुरू, अधोरेखा, क्यू, क्यू, टक्का. बारा पानांचं परीक्षण होतं. पहिलं पानभर मी ते ऐकत राहिले, कारण पुढे कुठेतरी मराठी सुरू होईल अशी आशा होती. शेवटी शेजारच्या दहावीतल्या मुलीला बोलावलं आणि तिने ते अडखळत वाचून दाखवलं. माझ्या पुस्तकावर टीकाकाराने काय म्हटलं आहे, ते माझ्याआधी तिला कळलं.

असं का होतं? आपल्याकडे अनेक छापखाने आणि अक्षरजुळणीची दुकानं अजून जुन्या फाँटमध्ये काम करतात. डोळ्याला अक्षर 'क' दिसतं, पण फाइलच्या पोटात त्या जागी एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. आम्ही वापरतो ते स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर पोटातलं वाचतं. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर तेच सॉफ्टवेअर घडाघडा मराठी वाचतं. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर तर फुकट मिळतो. म्हणजे माझ्या बाजूची सोय झालेली आहे. अडलं आहे ते तुमच्या टेबलावर. अंकाचा मजकूर युनिकोडमध्ये जुळवा, एवढी एक सूचना संपादकाने द्यायची आहे. आपल्या याच संमेलनाची निमंत्रणपत्रिका मला व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून आली. फोनने एकच शब्द उच्चारला : "फोटो". मी ज्या संमेलनाची अध्यक्ष आहे त्याची वेळ मला फोन करून विचारावी लागली. चित्राखाली चार ओळी टाइप करायला कितीसा वेळ लागला असता?

यावर प्रकाशकांचं ठरलेलं उत्तर असतं, स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो. येत नाही. 2012 साली स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग वाचकांसाठी नफा न घेता पुस्तक ब्रेलमध्ये, ध्वनिरूपात किंवा त्यांना वाचता येईल अशा कुठल्याही रूपात आणायला परवानगीची गरज उरली नाही. अंधांना वाचता येतील अशी पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या मराकेश कराराला 2014 साली भारताने मान्यता दिली. अशी मान्यता देणारा आपला देश जगात पहिला होता. दिल्लीने जगात पहिला नंबर काढला आणि आपला प्रकाशक अजून "लेखकाला विचारून सांगतो" म्हणतो.

मराठीत हे काम कोणी केलंच नाही असं नाही. स्वागत थोरात यांनी 2008च्या फेब्रुवारीत 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक सुरू केलं. त्यांनीच अंध कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' रंगभूमीवर आणलं. ब्रेल अंक निघत होता म्हणून माझ्यासारख्यांच्या हाताला ताजं मराठी लागलं. ते एका माणसाच्या जिद्दीवर उभं राहिलं. इमारती, अनुदानं आणि आजीव सभासदांच्या याद्या असलेल्या संस्थांना ते का सुचलं नाही, याचं उत्तर मला हवं आहे.

आणि आम्ही फक्त वाचक आहोत असंही समजू नका. विदर्भातले गुलाबराव महाराज तान्हेपणीच अंध झाले. 1881 ते 1915, अवघी चौतीस वर्षं जगले. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेतले, दुसऱ्यांना सांगून लिहून घेतले आणि शंभरावर रचना मागे ठेवल्या. त्यांना लेखनिक मिळाले म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. ज्यांना मिळाले नाहीत ते किती असतील? कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' आपण वाचलंत. सोनाली नवांगुळ यांना सलमा यांच्या तमिळ कादंबरीच्या मराठी अनुवादासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या बातम्यांत चाकाच्या खुर्चीवर चार परिच्छेद येतात आणि अनुवादावर एक ओळ. तमिळ बाईचं बोलणं मराठीत कसं उतरलं, हे त्यांना विचारा ना! लेखकाला विचारायचा प्रश्न तो आहे.

आता या व्यासपीठाबद्दल. मी येताना पायऱ्या मोजल्या. सात आहेत, कठडा नाही. सहा इंचांची एक धरली तर उंची साडेतीन फूट. एक फूट चढायला बारा फुटांचा उतार लागतो, हा रॅम्पचा साधा हिशेब आहे. म्हणजे इथे बेचाळीस फुटांचा रॅम्प हवा. बाजूला एक फळी टाकली आहे असं मला सांगण्यात आलं. मी काठीने ती मापली, जेमतेम आठ फूट भरली. तिच्यावरून चाकाची खुर्ची वर आणायची तर चार जणांनी खुर्ची माणसासकट उचलायला हवी. मोठ्या माणसाला असं चार जण उचलून स्टेजवर ठेवतात आणि खाली टाळ्या पडतात, हे मी एका सत्कारात शेजारी उभी राहून ऐकलं आहे. त्या वेळी खुर्चीतल्या बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की त्यांची अंगठी माझ्या बोटात रुतली. पुरस्कार त्यांच्या कवितेला होता.

नाट्यगृहांत रॅम्प केलाच तर तो प्रेक्षागृहाच्या दारापर्यंत असतो. रंगमंचावर जायला पायऱ्या, रंगपटाला पायऱ्या, स्वच्छतागृहाचं दार खुर्चीहून अरुंद. याचा अर्थ, अपंग माणूस नाटक बघायला येईल, करायला येणार नाही, असं नकाशा काढतानाच ठरलेलं असतं.

आणखी एक प्रसंग सांगते. माझा एक विद्यार्थी कर्णबधिर आहे, कविता लिहितो. त्याला मी एका कविसंमेलनाला घेऊन गेले. तिथे सांकेतिक भाषेचा दुभाषा नव्हता, म्हणून त्याची बहीण पुढे उभी राहून हातांनी त्याला एकेक कविता सांगत होती. मला तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. तिसऱ्या कवितेला मागून कोणीतरी ओरडलं, "ओ ताई, खाली बसा, दिसत नाही." बांगड्या थांबल्या. नंतर तासभर तो मुलगा माझ्या शेजारी बसून होता, त्याच्यापर्यंत एक शब्द पोहोचत नव्हता. आयोजकांपैकी कोणी उठलं नाही. मी उठले नाही, याचीही मला आज लाज वाटते.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम 29 सांस्कृतिक जीवनाबद्दल आहे. अपंग कलावंत आणि लेखकांना सोयी व पाठबळ देणं, कला त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी करणं, ही जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर आहे. जुन्या सार्वजनिक इमारतींना बदलासाठी पाच वर्षं दिली होती, ती 2022 साली संपली. नोव्हेंबर 2024मध्ये राजीव रतूरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, केंद्राने तीन महिन्यांत बंधनकारक नियम करावेत. ती याचिका 2005 सालची होती. एकोणीस वर्षं! तुमचं सभागृह नगरपालिकेचं, तुमचं अनुदान सरकारचं. तेव्हा हे कलम आमच्यासाठी नाही असं इथल्या कोणीही म्हणू नये.

मग उरतो पैसा. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं सरकारी अनुदान 50 लाखांवरून 2 कोटींवर गेलं. आपलं संमेलन लहान आहे, हे मला मान्य. पण आज मांडवाला झालर आहे, पाहुण्यांना फेटे आहेत, दोन्ही वेळचं जेवण आहे. त्या यादीत दुभाष्याचं मानधन शेवटी लिहिलं की ते खोडलं जातं. ते पहिल्या ओळीत लिहा आणि मग किती फेटे परवडतात ते बघा. गोव्यात जानेवारी 2023मध्ये पणजीला पर्पल फेस्ट झाला, अपंगांना मध्यभागी ठेवून अख्खा महोत्सव उभा राहिला. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2015पासून 'अनुभव' हे दालन आहे. तिथे शिल्पांच्या प्रतिकृतींना हात लावून बघता येतं. इतरत्र जिथे तिथे "हात लावू नये" ऐकलेल्या माझ्यासारखीला मूर्तीच्या खांद्यावरून बोट फिरवता येणं म्हणजे काय, हे मी शब्दांत सांगू शकणार नाही.

माझ्या सत्काराची शाल या टेबलावर घडी करून ठेवलेली आहे. मी ती घेणार नाही. तिच्याऐवजी एक ठराव मांडते. संस्थेचा पुढचा प्रत्येक अंक आणि प्रत्येक पुस्तक युनिकोडमध्ये जुळवलं जाईल आणि मागणाऱ्या अंध वाचकाला त्याची फाइल आठ दिवसांत मिळेल. निमंत्रण चित्राबरोबर मजकूर म्हणूनही जाईल. दुभाषा नसेल तर कार्यक्रमाची तारीख जाहीर होणार नाही, आणि दुभाष्यावर दिवा असेल. पायऱ्या असलेल्या सभागृहात पुढचं संमेलन होणार नाही. कार्यकारिणीत किमान दोन अपंग सभासद असतील, निमंत्रित म्हणून नव्हे, मताधिकारासह.

आता मतदान. हात वर करू नका, मला दिसणार नाहीत. ज्यांना मान्य आहे त्यांनी मोठ्याने 'हो' म्हणावं. तिसऱ्या रांगेत माझा विद्यार्थी आणि त्याचे चार मित्र बसले आहेत, त्याची बहीण त्यांना हे सांगते आहे. त्यांनी हात वर करावेत आणि सचिवांनी ते मोजून मला मोठ्याने आकडा सांगावा. ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभं राहून आपलं नाव सांगावं आणि कारण द्यावं. मी ऐकते आहे.