द्राक्षाचा चोथा आणि तापलेलं प्लास्टिक



पदवीदान समारंभात पाहुण्याने स्वप्नांविषयी बोलायची रीत आहे. मी चोथ्याविषयी बोलणार आहे.

जानेवारी उलटू लागला की नाशिकच्या वायनऱ्यांत द्राक्षगाळप जोर धरतं. मागे उरतात साली, बिया, देठ. द्राक्षांच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा. हा चोथा ओला नि आंबट, लगेच बुरसणारा. कच्चाच शेतात पसरला तर बियांची उगवण रोखू शकतो. त्याला एक कारण त्यातली फिनॉल वर्गातली द्रव्यं, टॅनिन आणि त्याचे भाऊबंद. ऊन, बुरशी, कीड यांना तोंड देण्यासाठी वेलीने ती बनवलेली असतात.

नेमकी हीच द्रव्यं प्लास्टिकला हवी असतात. पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे आपलं पीएलए, मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून होतं. जेजुरीला प्राज या कंपनीने 2024 मध्ये अशा जैवप्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. पीएलएची वस्तू घडवायची तर ते 180 ते 200 अंशांवर वितळवावं लागतं. तिथे रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, तुटक्या टोकांना प्राणवायू चिकटतो, आणि ती जोडगोळी शेजारच्या साखळीतला हायड्रोजन ओढून तिचीही वाट लावतो. फिनॉल मध्ये पडतं, स्वतःचा हायड्रोजन देऊन मोकळं होतं आणि ही लागण थांबते. बाजारातले बहुतेक अँटिऑक्सिडंट हेच काम करतात, पण ते येतात पेट्रोलियमपासून. उसापासून केलेलं प्लास्टिक टिकवायला पुन्हा तेलविहिरीकडे धाव घ्यायची, हे मला नेहमी ओशाळवाणं वाटत आलं आहे.

मग चोथा वाळवा, दळा, मिसळा, झालं? इथेच गोम आहे. पीएलएचा खरा वैरी पाणी. तापलेल्या पीएलएमध्ये ओल राहिली तर साखळी जोडणारे एस्टर बंध पटापट सुटतात. चोथ्यात पाणी भरपूर, शिवाय टार्टारिक आम्ल. आम्लाने ही तोडफोड आणखी वेग घेते. म्हणजे नीट न वाळलेली पूड रक्षणाऐवजी घातच करील. आम्ल घालवायला धुवावं, तर पाण्याबरोबर काही टॅनिनही निघून जातं. किती धुवायचं, कितपत तापवून वाळवायचं, दळण किती बारीक हवं, हे पुस्तकात तयार मिळत नाही. पूड जास्त झाली की वस्तू कडक पण ठिसूळ होते. रंग तर तपकिरीच येणार. पारदर्शक पेल्याचा हट्ट धरणाऱ्याने या वाटेला जाऊ नये; रोपवाटिकेच्या कुंड्यांना मात्र तपकिरी रंग शोभतो.

कोणी विचारील, कुजावं म्हणून केलेलं प्लास्टिक टिकवायचं कशाला? रोपाची मुळं जम धरेपर्यंत कुंडीने तग धरायचा असतो, मग कुजायचं. आणि पीएलए कुजतं म्हणजे उकिरड्यावर आपोआप विरतं असंही नाही. त्याला साठेक अंश तापणारं औद्योगिक कंपोस्ट लागतं. उलट ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथीन बनतं, ते जैवस्रोतातलं असूनही मुळीच कुजत नाही. ग्राहकाला हा फरक स्पष्ट सांगा. विक्री विभाग कुरकुरला तरी सांगा.

'टाकाऊ' हा शिक्काही जपून मारा. उसाची चिपाडं कारखान्याच्या बॉयलरमध्ये जातात, त्यांपासून वीज होते, कागद होतो. भाताचं तूसही भट्टीत जळतं, कडबा गुरांच्या तोंडी लागतो. त्यात हात घालाल तर कोणाचं तरी इंधन किंवा चारा महागेल. आधी शेतकऱ्याला आणि कारखान्याच्या स्टोअरकीपरला विचारा, हे आज कुठे जातं आणि काय भावाने.

चोथ्याचं माझं गणित अडतं ते वाळवणीपाशी. गाळपाचा हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. तेवढ्यासाठी वाळवणी यंत्र कोण घेईल? पण मे-जूनमध्ये कोकणातल्या आमरसाच्या कारखान्यांतून कोयी निघतात, सोलापूरकडे डाळिंबाच्या साली, आणि टॅनिन दोन्हींत आहे. तीन पिकांना एकच यंत्र चालेल का, ते ट्रकवर घालून फिरवावं की माल त्याच्याकडे आणावा, डिझेल आणि वाळवणीचा खर्च वजा जाता किलोमागे काय उरेल, हे अजून कोणीतरी कागदावर मांडायचं आहे. तुमच्यात कृषी अभियंते आहेत, रसायनतंत्रज्ञ आहेत, आणि मागच्या रांगेत टाळ्या वाजवणारे वाणिज्य शाखेचेही आहेत. तिघांनी चहाला एकत्र बसावं आणि पहिला ताळेबंद मला पाठवावा.