धूळपाटीपासून मोबाईलपर्यंत
(विहाराच्या वर्धापन दिनी सौंदड येथे दिलेले भाषण)



समितीने आम्हाला 'शिक्षणाची साधने' या विषयावर बोलायला सांगितले. आम्ही राईस मिलमधले कामगार. शाळा सातवीत सुटली. पुढे जे शिकलो ते जुन्या वर्तमानपत्रांतून आणि या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून. म्हणून पंडिताचे भाषण मिळेल अशी आशा ठेवू नका. पण या विषयावर बोलण्याचा हक्क आम्हालाही आहे. शाळेत बाबासाहेबांच्या वाट्याला जी वस्तू आली, ती आम्ही रोज हाताळतो. ती म्हणजे बारदाना. वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसायचे, बसायला घरून गोणपाट न्यायचे आणि शाळा सुटली की परत घरी आणायचे, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. धानाचा बोरा उचलताना कधी कधी ते आठवते आणि हात थांबतो.

आता साधनांकडे येऊ. आपल्या देशातले जुने साधन म्हणजे धूळपाटी. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने नाहीतर काडीने अक्षर काढायचे, हात फिरवला की पाटी कोरी. कागद नको, शाई नको. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासला अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश पाद्री अनाथ मुलांची शाळा चालवीत. इथली पोरे वाळूत बोटाने लिहितात हे त्यांनी पाहिले आणि तीच रीत आपल्या शाळेत घेतली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे, हीही रीत ठेवली. १७९७ साली त्यांनी त्यावर पुस्तक छापले आणि ही पद्धत विलायतेच्या गरीब शाळांत पोहोचली. म्हणजे साधन आपल्याकडे होते. धूळ तर फुकटच. तरी आमच्या आज्या-पणज्यांना त्या धुळीत बोट घालू दिले नाही.

ही अडचण साधनाची नव्हतीच, हे ओळखले महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी. १८४८ साली त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. १८५५ साली आपल्याच घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा चालवली. दिवसभर राबणाऱ्याला रात्रीच वेळ मिळतो, हे त्यांना कळले होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी मागणी केली की निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा.

आमच्या लहानपणी दगडी पाटी होती, लाकडी चौकटीची. पडली की फुटायची आणि वरून मार बसायचा. थुंकीने पुसली तर माय ओरडायची, ओले फडके वापर म्हणून. माय विड्या वळायची. तिला अक्षर येत नव्हते, पण पंचवीस विड्यांचा एक कट्टा आणि चाळीस कट्ट्यांचा हजार, हा हिशेब तिचा पक्का. पंचवीसचा पाढा आम्ही मास्तरांच्या आधी मायजवळ शिकलो, तेंदूपत्त्याच्या वासात.

मग फळा. पाटी एकाची असते, फळा सगळ्या वर्गाचा. एक अक्षर लिहिले की चाळीस पोरांना दिसते. किती सोपी आणि किती मोठी ही युक्ती! पण बाबासाहेबांच्या चरित्रात नोंद आहे. मुंबईच्या हायस्कुलात मास्तरांनी भीमरावाला गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले, तेव्हा वर्गातली मुले धावली आणि फळ्यामागे ठेवलेले आपले डबे त्यांनी दूर केले. फळा सगळ्यांचा होता, पण त्याच्याजवळ जाणे सगळ्यांचे नव्हते. स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनी, १९८७ साली, सरकारने खडू-फळा मोहीम काढली. कारण शाळा होत्या, पण अनेक शाळांत धड खोल्या नव्हत्या, शिक्षक एकच होता.

त्यापुढे साधने भराभर आली. १९६७ साली बालभारती स्थापन झाली. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी आली, दूरदर्शनवर शाळेचे कार्यक्रम दिसू लागले. ती २०१७ साली बंद पडली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी अर्धी रक्कम इतर देशांतल्या अंतिम फेरीतल्या शिक्षकांना वाटून दिली. जिल्हा परिषद शाळेच्या मास्तराने हे केले, याचा अभिमान बाळगा.

त्याच २०२० साली मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. शाळा मोबाईलमध्ये गेली. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, ते बरे होते. टीव्ही घरात सगळ्यांचा असतो. पण मोबाईल ज्याच्या खिशात, त्याचा. आमच्या घरी एकच होता. मिल सुरू झाल्यावर गाडी कधी लागेल याचा फोन येतो, म्हणून तो आम्ही कामावर न्यायचो. संध्याकाळी घरी आलो की आधी मुलगा घ्यायचा. मुलीचा नंबर शेवटी, तेव्हा बॅटरी संपलेली. तिने कधी तक्रार केली नाही. वर्षभराने तिची वही हातात घेतली तेव्हा कळले, मधली पाने कोरी होती. इथे उभे राहून फुल्यांचे नाव घेणारे आम्ही, आणि आमच्याच घरात मुलगी कोपऱ्यात बसली होती, बिनगोणपाटाची. ही आमची चूक. दुसऱ्या कोणाची नाही.

म्हणून विहार समितीला हात जोडून विनंती. अभ्यासिकेसाठी मोठा पडदा घेण्याचा विचार चालला आहे. घ्या, आमचा विरोध नाही. पण त्याआधी तीन गोष्टी करा. अभ्यासिकेत चांगला उजेड लावा. रोज सायंकाळी सहा ते आठ एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी तिथे बसेल, अशी पाळी लावा. मोठ्यांनी लहानांना शिकवायचे, ती धूळपाटीच्या काळचीच रीत. आणि पडद्याची किल्ली एका पदाधिकाऱ्याच्या खिशात नको. कुलूपबंद कपाटात धूळ खाणारी साधने आम्ही पाहिली आहेत.

साधन नवे आले की एकच विचारा, ते कोणाच्या हातात आहे आणि कोणाचा नंबर शेवटी आहे? सायंकाळच्या पाळीत सोमवारी आम्ही स्वतः येऊ. इंग्रजी येत नाही, पण पंचवीसचा पाढा नक्की शिकवू.

जयभीम! नमो बुद्धाय!