आपल्या शिवारातील समतोल आहार

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकारी यांनी केलेले भाषण)



आजचा विषय पाठ्यपुस्तकात आहे, फळ्यावर आहे आणि शाळेच्या भिंतीवरील रंगीत तक्त्यातही आहे. तरीही तो मुलांच्या ताटात अद्याप पुरता उतरलेला नाही, म्हणूनच आज तो बोलण्यासाठी घेतला आहे. समतोल आहाराचा तक्ता आपण सर्वांनीच लावलेला असतो. त्यात सफरचंद असते, द्राक्षांचा घोस असतो, दुधाचा भरलेला पेला असतो, क्वचित लोण्याचा गोळाही असतो. ज्या गावात तो तक्ता लागतो त्या गावात सफरचंद आजारी माणसाला भेटावयास जातानाच विकत घेतले जाते. मूल तो तक्ता पाहते, त्यावरील प्रश्नाचे उत्तर बिनचूक लिहिते, आणि समतोल आहार ही शहरातील श्रीमंतांची गोष्ट आहे अशी मनाशी खूणगाठ बांधून घरी जाते. हा दोष मुलाचा नाही. मी स्वतः अनेक वर्षे असाच तक्ता शिकविला आहे, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

एक जुनी हकीकत सांगतो. 1998च्या सुमारास मी गंगाखेड तालुक्यातील एका लहान गावी शिक्षक होतो. त्या काळी शाळेत शिजविलेले अन्न मिळत नसे. 1995 साली योजना सुरू झाली तेव्हापासून हजेरी पुरी असलेल्या मुलास दरमहा तीन किलो तांदूळ घरी देण्याची रीत होती. त्या तांदळाची मापे मी स्वतः भरून दिलेली आहेत. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. दुपारच्या सुट्टीनंतर तो हमखास पेंगत असे. मी त्याला आळशी ठरविले. उभे केले, अंगठे धरावयास लावले, इतर मुलांसमोर टाकून बोललो. एके दिवशी तो उभ्या उभ्याच खाली कोसळला. त्याला उचलून घरी नेले तेव्हा कळले, की आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीस गेलेले असून तो आजीपाशी राहतो. चुलीजवळ टोपलीत दोन भाकरी, वाटीत ठेचा आणि पातेल्यात काळा चहा, एवढाच त्या घरचा दिवसभराचा स्वयंपाक होता. मी आजीला म्हणालो, "आजी, पोराला थोडं वरण करून घालीत जा." म्हातारी शांतपणे म्हणाली, "गुर्जी, दाळ काय भावानं हाय, ठाऊक हाय का तुमाला?"

मला ठाऊक नव्हते. मी समतोल आहार शिकवीत होतो आणि मला डाळीचा भाव ठाऊक नव्हता.

परत निघताना परसात शेवग्याचे झाड दिसले. शेंगा ती बाजारात विकीत असे. पाल्याचे काय करता, असे विचारले तर म्हणाली, "पाला शेळी खाती." घरात कोनाड्यात गाडग्यात कारळे होते, ते सणाच्या चटणीसाठी राखलेले. आठवडी बाजारात डाळीची चुरी अख्ख्या डाळीपेक्षा स्वस्त मिळते, हे मला पुढच्या आठवड्यात त्याच आजीने दाखविले. चुरीच्या पातळ वरणात मूठभर शेवग्याचा कोवळा पाला आणि भाकरीबरोबर कारळ्याची चटणी, एवढाच बदल त्या घरात झाला. मुलगा एकाएकी पहिला नंबर पटकावू लागला असे मी मुळीच सांगणार नाही. तो दुपारी जागा राहू लागला, एवढे मात्र खरे. आणि अंगठे धरावयास लावणे मी त्या दिवसापासून सोडले.

आता प्रमाणाविषयी. आहार समतोल आहे की नाही हे एखाद्या पदार्थावरून ठरत नाही. ते पदार्थांच्या परस्पर प्रमाणावरून ठरते. आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचे प्रमाण धान्य आणि डाळ यांचे आहे. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे ती काही कमी नव्हेत. परंतु त्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक अपुरा असतो. शरीराची बांधणी सर्व घटक एकत्र असतील तरच होते. एक कमी पडला की उरलेले असूनही नसल्यासारखे होतात. तूर, मूग, हरभरा यांच्या प्रथिनांत लायसिन भरपूर आणि जे थोडे उणे ते ज्वारीत आहे. म्हणून भाकरी व वरण एकत्र आले की दोघांचीही किंमत वाढते. आपल्या पूर्वजांनी हे प्रयोगशाळेवाचून जाणले होते असे म्हणण्याचा मोह होतो. पण ज्यांना परवडत होते त्यांनीच ते पाळले, हेही नमूद केले पाहिजे.

ज्यांना परवडत नव्हते त्यांचे काय झाले याची नोंद आहे. दख्खनच्या पठारावर जवळजवळ केवळ ज्वारीवर राहणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा नावाचा रोग आढळत असे. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलत असे, तोंड येई, हगवण लागे, पुढे बुद्धीला भ्रम होई. हैद्राबाद येथील पोषण प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी 1960 साली या रोगाचा संबंध ज्वारीतील ल्यूसिन या घटकाच्या आधिक्याशी जोडून दाखविला. त्या उपपत्तीविषयी शास्त्रज्ञांत पुढे मतभेद झाले. तथापि एकट्या ज्वारीवर माणूस निरोगी राहत नाही, याविषयी मतभेद नाही. ज्वारी वाईट आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. ती एकटी पडू नये, एवढाच अर्थ आहे.

हैद्राबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत धान्य व डाळ यांचे प्रमाण तीनास एक असावे असे सुचविले आहे. हे वजन कच्च्या शिध्याचे होय. मातांना सांगताना ग्रॅमची भाषा नको. तीन भाकरींना जेवढे पीठ लागते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी डाळ त्या दिवशी शिजली पाहिजे, असे सांगावे. ते तात्काळ समजते.

आता शालेय पोषण आहाराकडे पाहा. इयत्ता पहिली ते पाचवीसाठी शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी व पाच ग्रॅम तेल. सहावी ते आठवीसाठी दीडशे, तीस, पंच्याहत्तर व साडेसात, असे 2009 पासूनचे परिमाण आपणांस पाठ आहे. धान्य व डाळ यांचे हे प्रमाण पाचास एक पडते. म्हणजे शाळेतील ताट काटेकोर वाढले तरी तीनास एकचे गणित तेथे पुरे होत नाही, उरलेला हिस्सा घराने भरावयाचा असतो. आणि ज्या घरी तो भरला जात नाही तेथील मूल आपल्यासमोर बसलेले असते. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 68.9 टक्के बालके रक्तक्षयी आढळली. तीच बालके आता आपल्या प्राथमिक वर्गांत आलेली आहेत.

मग उरलेला हिस्सा कोठून आणावा? पैसा आणा असे मी सांगणार नाही. शिवारात जाऊन पाहा, एवढेच सांगेन.

आपल्या जिल्ह्यात बारमाही काही ना काही उगवते. श्रावण-भाद्रपदात मुगाच्या शेंगा येतात. पावसाळ्यात अंबाडी असते. तिची भाजी ज्वारीच्या कण्या व तुरीची डाळ घालून आपल्या आया करीत आल्या आहेत, म्हणजे धान्य, डाळ व पाला एकाच भांड्यात. दिवाळीनंतर करडईचा कोवळा पाला, हरभऱ्याचा पाला व त्याचा घोळाणा, पुढे तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, हुरडा. भोगीच्या दिवशी जी भाजी होते तिच्याकडे एकदा शिक्षकाच्या नजरेने पाहा: ओला हरभरा, पावटा, गाजर, वांगी, शेंगदाणे, तीळ, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. याहून चांगला तक्ता कोणत्याही छापखान्याने काढलेला नाही. दुर्दैव एवढेच, की तो वर्षातून एक दिवस टांगला जातो.

धपाट्यांविषयी थोडे अधिक बोलतो, कारण माझ्या मते आपल्या हाती असलेला सर्वांत सोपा उपाय तोच आहे. तीन वाट्या ज्वारीचे पीठ, एक वाटी हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, चिरलेली मेथी किंवा कोणताही पाला, चमचाभर तीळ, मीठ, लसूण. तीनास एकचे प्रमाण परातीतच जमले. ज्या घरी सोयाबीन आहे, आणि आज आपल्या जिल्ह्यात ते कोणाच्या शेतात नाही, तेथे बेसनापैकी थोडा भाग सोयाबीनच्या पिठाचा घ्यावा. सोयाबीनमध्ये शंभरात पस्तीस ते चाळीस ग्रॅम प्रथिने असतात. आपण ते पोत्यांनी पिकवितो, सगळे मोंढ्यावर घालतो, आणि त्याच मोंढ्यावरून परतताना मुलासाठी पाच रुपयांची तळलेली पुडी आणतो. मात्र सोयाबीन कच्चे पचत नाही. ते उकळत्या पाण्यात चांगले शिजवून, वाळवून मगच दळावे.

तिळाचे म्हणाल तर दहा ग्रॅम तिळांत सुमारे पेलाभर दुधाइतके, म्हणजे शंभर मिलिलिटरच्या लहान पेल्याइतके, कॅल्शियम असते. ते सर्वच्या सर्व अंगी लागत नाही, तरीही चटणीच्या रूपाने रोज पोटात गेल्यास पुष्कळ. जवस व कारळ्याची चटणी हीही अशीच गुणाची. पालेभाजीतील लोह शरीरात शोषले जाण्यास लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व साहाय्य करते, आणि जेवणास लागून घेतलेला चहा त्यास अडथळा करतो. म्हणून खिचडीवर लिंबू पिळणे ही चैन समजू नये. ज्या घरी अंडे चालते तेथे अंड्यासारखे सोपे अन्न नाही. जेथे चालत नाही तेथे आग्रह धरू नये. बियाण्याच्या बाबतीत आपल्याच परभणीच्या कृषि विद्यापीठाने 2018 साली 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण दिले असून त्यात लोह व जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा अधिक आहे. पालक सभेत शेतकरी पालकांच्या कानावर हे अवश्य घालावे.

एक धोक्याची सूचना येथेच देतो. घोळ, चिगळ, पाथरी, तांदुळजा या रानभाज्या उत्तम आहेत. परंतु पूर्वी त्या कोणत्याही बांधावरून खुडता येत, तशा आता येत नाहीत. सोयाबीन व कापसाच्या शेतांत तणनाशक फवारले जाते, आणि तण म्हणून जे मारले जाते त्यातच ही भाजी असते. फवारलेल्या शेतातील वा त्याच्या धुऱ्यावरील पाला मुलांकडून कदापि आणवू नये. ओळखीचे शेत, ओळखीची भाजी आणि सोबत गावातील एखादी जाणती बाई असेल तरच ही मोहीम काढावी.

आता ज्या गोष्टीने मला अनेक वर्षे सतावले आहे तिच्याकडे येतो. शिवार सर्वांत हिरवे केव्हा असते? कार्तिकापासून माघापर्यंत. आणि सोनपेठ, गंगाखेड, पालम या बाजूच्या अनेक मुलांच्या आया घरी केव्हा नसतात? नेमक्या त्याच महिन्यांत. पाला आहे, शेंगा आहेत, पण खुडणारा व शिजविणारा हात कारखान्याच्या उसात आहे. म्हाताऱ्या आजीस बांधावर जाणे होत नाही. म्हणून या मुलांच्या बाबतीत 'घराने उरलेला हिस्सा भरावा' हे म्हणणे पोकळ ठरते. तो हिस्सा या चार महिन्यांत शाळेच्या परसबागेने व गावाने उचलला पाहिजे. शेवग्याची दोन झाडे, एक हादगा, एक लिंबू, कढीपत्ता आणि हातपंपाच्या सांडपाण्यावर मेथी-पालकाचा एक वाफा, एवढे लहान शाळेसही जमते. शेवगा दरवर्षी छाटावा, म्हणजे पाला हाताशी राहतो. ज्यांच्या शेतात तुरी-हरभरा आहे अशा पालकांनी आठवड्यातून एकदा टोपलीभर ओल्या शेंगा शाळेस दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. मागितले तर गाव नाही म्हणत नाही. मागण्याचा संकोच आपल्यालाच असतो.

आपल्या मागे आहाराच्या नोंदवह्या, साठा पत्रके व दैनिक माहिती यांचा किती भार आहे हे मी जाणतो, कारण त्या तपासण्याचे काम माझेच आहे. तपासताना डाळ वीस ग्रॅम दाखविली आहे की नाही हे मी पाहतो. ती मुलाच्या ताटात किती पडली हे वहीत दिसत नाही. यापुढे शाळाभेटीस आलो की वहीच्या आधी मी पंगतीत बसेन.

एक काम सांगून थांबतो. पुढील परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपल्या गावाची एक यादी मुलांकडून करवून आणावी: महिना, त्या महिन्यात शिवारात वा आठवडी बाजारात मिळणारी डाळ, पाला, शेंग, फळ व तेलबी, आणि बाजारातील भाव. यादी मुलांनी आजीला विचारून करावी. जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातील यादी गोदाकाठच्या यादीहून वेगळी येईल. तेथील कित्येक रानभाज्यांची नावे मलाही ठाऊक नाहीत. भावाचा रकाना मात्र कोणी रिकामा ठेवू नये.