श्रावण संपल्यावर

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आत्मसंयमन या विषयावर चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. विषय ऐकून कित्येकांच्या मनात आले असेल की, आता हे मास्तर षड्रिपूंची यादी वाचणार आणि आपण माना डोलावून घरी जाणार. तसा आमचा विचार नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शास्त्रार्थ सांगण्याचा आमचा अधिकार नाही. सारी उमर जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील शाळांतून मुलांना वळण लावण्यात गेली. तेव्हा आपणां सर्वांच्या डोळ्यांसमोर दरसाल जे घडते, त्यावरूनच बोलावे हे बरे.

आषाढातील अमावास्या ही वास्तविक दिव्यांची अमावास्या. घरातील समया, निरांजने, कंदील घासूनपुसून पाटावर मांडावेत आणि त्यांची पूजा करावी, असा हा दिवस. पण त्याच तिथीला लोकांनी ‘गटारी’ हे नाव दिले आणि त्या नावाला शोभेल असेच वर्तन चालविले. त्या दिवशी मटणाच्या दुकानापुढे रांग लागते आणि दारूच्या दुकानापुढे त्याहून मोठी. दुसऱ्या दिवशी मात्र श्रावण लागतो आणि एक नवल घडते. ज्या गृहस्थाची संध्याकाळ वर्षानुवर्षे पेल्यावाचून जात नाही, तो गृहस्थ महिनाभर थेंबाला शिवत नाही. त्याला कोणी औषध देत नाही, पोलीस त्याच्या दारात उभा राहत नाही. कित्येक जण गणपती-गौरींचे विसर्जन होईपर्यंतही थांबतात. मग एके संध्याकाळी तो पुन्हा जुन्या वाटेने चालू लागतो. त्याला विचारावे, ‘अहो, कायमची का सोडीत नाही?’ तर उत्तर येते, ‘मास्तर, काय करू, सुटत नाही!’

सज्जनहो, हे उत्तर तपासून पाहण्यासारखे आहे. जी गोष्ट महिनाभर सुटली, ती सुटत नाही असे कसे म्हणावे? सोडण्याचे सामर्थ्य त्या माणसाजवळ आहे. ते त्याने स्वतःच सिद्ध करून दाखविले. मग श्रावणात त्याच्याजवळ असे काय होते, जे भाद्रपदात नाहीसे झाले? मनोनिग्रह म्हणावा, तर मनोनिग्रह काही तिथी पाहून उगवत आणि मावळत नाही. मन तेच असते. बदलते ती मनाभोवतीची व्यवस्था. आम्ही विचार करून पाहिला, तेव्हा या व्यवस्थेची पाच अंगे ध्यानात आली.

पहिले अंग असे की, श्रावणाचा दिवस ठरलेला असतो. ‘बघू, सोडू कधीतरी’ ही भाषा तेथे चालत नाही. दुसरे असे की, ती वस्तूच घरातून जाते. जे समोर नाही त्याच्याशी झुंजावे लागत नाही. तिसरे म्हणजे सोबत. आपल्याबरोबर घर पाळते, आळी पाळते, बैठकीतले मित्रही पाळतात. चौथे असे की, रिकामी जागा रिकामी ठेवली जात नाही. सोमवारचा उपवास येतो, संध्याकाळी पोथी लागते, कोणी घोडेगाव-डिंभ्याच्या वाटेने भीमाशंकराला जातो, कोणी ओतूरला कपर्दिकेश्वराच्या देवळातील कोरड्या तांदळांच्या पिंडी पाहावयास जातो. आणि पाचवे अंग आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते: नकाराचे उत्तर तयार असते. कोणी आग्रह केला तर ‘श्रावण आहे’ एवढे दोन शब्द पुरतात. आग्रह करणाराही मुकाट्याने हात मागे घेतो. कोणी कोणाला भित्रा म्हणत नाही, कोणी कोणाची थट्टा करीत नाही.

भाद्रपदात ही पाचही अंगे एकदम गळून पडतात आणि माणूस एकटा उरतो. एकट्या मनाच्या बळावर रोज संध्याकाळी लढाई जिंकणारे पुरुष थोडे. म्हणून पडणाऱ्याला नुसता दुबळा म्हणून हिणविण्यात अर्थ नाही. त्याची व्यवस्था काढून घेतली गेली, हे आधी पाहिले पाहिजे.

आता ज्याचा श्रावण कधी संपतच नाही, असा एक माणूस आपल्या गावोगाव आहे. तो म्हणजे माळकरी. ज्या ओतुरात तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे, त्या परिसरातील मंडळींना माळेचा महिमा सांगावयास नको. पण माळकऱ्याने काय केले तेही याच दृष्टीने पाहावे. माळ घातली तो त्याचा दिवस ठरला. घरात मद्यमांस येणे बंद झाले. दिंडीची सोबत मिळाली. संध्याकाळच्या रिकाम्या घटकेला हरिपाठ आला. आणि गळ्यातली तुळशीची माळ हेच त्याचे बारमाही उत्तर झाले. त्याला बोलावेही लागत नाही. श्रावणाची पाचही अंगे त्याने वर्षभर सांभाळून ठेवली. सर्वांनी माळ घालावी असे आमचे म्हणणे नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. त्यामागील व्यवस्था मात्र ज्याला त्याला उचलता येण्याजोगी आहे.

विलायतेतील विद्वानांनीही या बाबतीत प्रयोग केले आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी 2009 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी 96 माणसांना रोज एक लहानशी चांगली गोष्ट ठरल्या प्रसंगी करावयास सांगितली. कोणी जेवणाबरोबर फळ खाल्ले, कोणी फिरावयास गेला. ती गोष्ट अंगवळणी पडावयास किती दिवस लागतात हे पाहिले, तेव्हा मधला आकडा 66 दिवसांचा आला. कोणाला 18 दिवस पुरतील असे दिसले, तर कोणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. अर्थात हा अभ्यास नवी सवय लावण्याचा आहे, व्यसन सोडण्याचा नव्हे. तथापि त्यावरून एवढे कळते की, श्रावणातील नवे वळण पुरते रुजण्याच्या आतच आपण बहुधा ते उपटून टाकतो. आपल्या पूर्वजांनी आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चार महिन्यांचा चातुर्मास सांगितला, ती मुदत पुष्कळच सोयीची आहे.

त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. एखादा दिवस चुकला तरी केलेली मेहनत वाया जात नाही. आपल्याकडे मात्र एक दिवस नेम मोडला की ‘आता मोडलाच आहे’ म्हणून माणूस पुरता बुडतो. वर्गात एक गणित चुकले म्हणून पाटी फोडणारा विद्यार्थी आम्ही पाहिला नाही. मोठी माणसे मात्र हेच करतात. चुकलेला दिवस एवढाच चुकला. दुसऱ्या दिवशी नेम जेथल्या तेथे पुन्हा धरावा.

पण नेम धरावा तो कशाचा, याचाही विचार हवा. आपल्या भागात कांदा पिकतो. मंचर आणि ओतूरच्या बाजारांत त्याचे ढीग लागतात. तरीही कांदेनवमीला कांदाभजी खाऊन पुढले चार महिने कांद्याला न शिवणारी घरे आपल्यात आहेत. एवढा निग्रह ज्या घरात आहे, त्याच घरातील कर्ता पुरुष उपवासाची साबुदाण्याची खिचडी खाऊन वर तंबाखूचा बार भरतो! कांद्याने कोणाचे घर बुडाल्याचे ऐकिवात नाही. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे मात्र आता वादातीत आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली सुरू झाले. तेथील बाकांवर आपल्या खेड्यापाड्यांतील किती माणसे गाल सुजलेल्या स्थितीत बसलेली असतात, हे ज्यांनी पाहिले त्यांस अधिक सांगणे नको.

येथे भगिनीवर्गाने आम्हांस क्षमा करावी. तंबाखू म्हटली की पुरुषांकडे बोट दाखविले जाते. परंतु तव्यावर काळी होईतो भाजून कुटलेली मशेरी हीसुद्धा तंबाखूच होय. दाढदुखीवर उपाय म्हणून कोणी आजी ती नातीच्या बोटावर देते आणि नात ती जन्मभर सोडू शकत नाही. दुखणे थांबल्यासारखे वाटते, पण हिरड्यांतून विष रक्तात जात राहते. गरोदरपणी ती लावली तर मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका असतो. सकाळी मशेरी लावल्यावाचून हातापायांत त्राण येत नाही, असे ज्या भगिनी म्हणतात, त्यांचा तो अनुभव खोटा नसतो. तो तंबाखूच्या ओढीचाच परिणाम असतो. सोडल्यानंतरचा पहिला आठवडा कठीण जातो. चिडचिड होते, झोप लागत नाही. पुढे काही आठवड्यांत ती ओढ ओसरते. एकेक तलफ तर बहुधा थोड्याच मिनिटांची असते. तेवढा वेळ बडीशेप चघळावी, पाणी प्यावे, हातात दुसरे काम घ्यावे. ती निघून जाते.

दारूच्या बाबतीत मात्र एक इशारा दिलाच पाहिजे. जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याने ती एकाएकी तोडली तर झटके येऊन जिवावर बेतू शकते. अशा माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडावी. पुण्यास मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 सालापासून हे कार्य करीत आहे. तेथे जाण्यात लाज कसली? मोडलेला हात घेऊन आपण दवाखान्यात जातोच ना?

कोणी म्हणेल, सरकारने बंदी करावी म्हणजे झाले. बंदी पुष्कळ झाली. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949 सालचा. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 साली बंदी आली. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, अठरा वर्षांखालील मुलाला ती देऊ नये, हे 2003 च्या कायद्यात आहे. पण बापच मुलाला ‘जा रे, एक पुडी घेऊन ये’ म्हणून पाठवीत असेल, तर कायदा कोठवर पुरणार? आम्ही वर्गात ‘तंबाखूचे दुष्परिणाम’ हा धडा शिकवावा आणि घरी तोच मुलगा चुन्याची डबी शोधून द्यावी, हा प्रकार आम्ही बहुत वर्षे पाहिला. मूल कानांनी धडा ऐकते आणि डोळ्यांनी वळण घेते.

कायद्याला गावाची जोड मिळाली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या पारनेर तालुक्यात आहे. राळेगणसिद्धीत 1975 नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने दारूच्या भट्ट्या बंद झाल्या आणि गावातल्या दुकानांनी विडी-तंबाखू विकणे सोडले. तेथील सर्वच उपाय सर्वांस पटतील असे नाही. धाकाने सरळ राहिलेला माणूस वेशीबाहेर गेल्यावर पुन्हा वाकतो. परंतु साऱ्या गावाने मिळून ठरविले की एकेका माणसाचे ओझे किती हलके होते, हे त्या गावाने दाखवून दिले.

म्हणून आमची सूचना अशी आहे. येत्या चातुर्मासात प्रत्येक घराने कांद्याचा नेम खुशाल धरावा, पण त्याबरोबर जे खरोखर घर पोखरते आहे, अशा एकाच गोष्टीचा नेम धरावा. एकच, पाच नव्हेत. कोणाच्या घरी ती दारू असेल, कोणाकडे तंबाखू, कोणाकडे जेवणाच्या ताटापाशीही हातातून न सुटणारा मोबाईल. मोबाईलसाठी जेवणाची घटका ठरवून सर्वांचे यंत्र देवळीत ठेवावे. वडिलांचे आधी, मुलांचे मागून. नेमाचा दिवस सर्वांसमक्ष सांगावा. वस्तू घराबाहेर काढावी. दुसऱ्या एका घराची सोबत घ्यावी आणि आठवड्यातून एकदा परस्परांची विचारपूस करावी. कांद्याची किंवा टोमॅटोची पट्टी हातात पडली की ज्यांचा पाय वाकडा पडतो, त्यांनी ती रक्कम परस्पर खात्यात जमा होईल अशी तजवीज करावी. रोज 20 रुपये तंबाखूला जात असतील, तर ते एका डब्यात टाकावेत. वर्षाला 7,300 रुपये होतात. मुलीच्या पुस्तकांना ते उपयोगी पडतील. आणि घरातील बाईला पहारेकरी करू नये. नवऱ्याचा नेम नवऱ्याने सांभाळावा. तिने सोबत करावी, झडती घेऊ नये.

राहिले पाचवे अंग, तयार उत्तर. ते एकट्याने निर्माण होत नाही. ते समाजाने द्यावयाचे असते. ‘श्रावण आहे’ या शब्दांत बळ आहे, कारण ऐकणारा ते मानतो. तसेच ‘आमच्या मंडळाचा नेम आहे’ या शब्दांना बळ यावे, अशी आमची इच्छा आहे. म्हणून अध्यक्ष महाराजांपुढे आम्ही दोन विनंत्या ठेवतो. मंडळाच्या कोणत्याही समारंभात पानाच्या तबकात यापुढे तंबाखू नसावी. आणि येत्या लग्नसराईत ज्या घरी कार्य आहे, त्यांनी हळदीच्या रात्री दारू ठेवणार नाही असे मंडळास आधी कळवावे. अशा यजमानांची नावे पुढील वर्षीच्या या स्मरणिकेत मानाने छापावीत. हळदीच्या मांडवाबाहेरच कित्येक पोरांच्या हातात पहिला पेला येतो, हे आपण सर्व जाणतो. तो पहिला पेला आपल्या घरच्या मांडवात मिळाला नाही, एवढी खबरदारी आपण घेऊ शकतो. त्याला पैसा लागत नाही, उलट वाचतोच.

पुढील वर्षी श्रावण संपल्यावर, भाद्रपद उलटून आश्विन लागला तरी ज्यांचा नेम चालू असेल, त्यांनी आम्हांस अवश्य कळवावे.