मीटर मागं घेणे

(राजूर, ता. वणी, जि. यवतमाळ येथील कीर्तनातील निरूपण)



मंडपाबाहेर आता मोटारसायकलींची रांग लागली आहे. कोणी खाणीतून ड्युटी करून आला, कोणी चुनाभट्टीवरून, कोणी वणीहून डबल सीट. आमच्या लहानपणी कीर्तनाबाहेर बैलगाड्या सुटलेल्या असत. बैल घेताना माणूस आधी जबडा उघडायचा. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळला. वणीच्या जत्रेत बैल घेतलेली म्हातारी माणसं इथं बसली आहेत, त्यांना मी काय सांगू! शिंगं साळून, रंग देऊन म्हातारा बैल तरणा दाखवणारे तेव्हाही होतेच. पण दात नवे उगवता येत नव्हते.

मोटारसायकलीचे दात म्हणजे तिचं मीटर. आणि हे दात उगवता येतात, बापहो. पैसे द्या, अर्ध्या तासात गाडी सहा दातीची दोन दाती होते.

जुन्या गाडीत पुढच्या चाकापासून एक वायर मीटरपर्यंत येते. चाक फिरलं की वायर फिरते, वायर फिरली की आतल्या आकड्यांची चाकं सरकतात. मीटर खोलून ती चाकं हातानं मागं घेतात. नव्या गाडीत वायर नाही, आकडा आत चिपमध्ये लिहिलेला असतो, तो लॅपटॉप लावून बदलतात. गाडी विकायला काढली की कोणीतरी सहज विचारतं, "भाऊ, मीटर मागं घेऊन देऊ काय?" जसं काही धुऊन देऊ काय, असं.

त्याच मीटरवर ट्रिपचा आकडा असतो, तो मात्र रोज शून्यावर आणा, पाप नाही. तो त्यासाठीच दिला आहे. टाकी भरली, शून्य केलं, ॲव्हरेज काढलं. तो आकडा तुमचा. खालचा मोठा आकडा तुमच्या एकट्याचा नाही. तुमच्यानंतर त्या गाडीवर जो बसेल, बायको-लेकरू घेऊन बसेल, त्याचाही तो आहे.

आता इथं चित्रगुप्ताच्या वहीची उपमा देऊन मला सुटता येईल. आम्हा कीर्तनकारांची ती सवयच आहे. आज तसं करत नाही. आज माझीच गोष्ट सांगतो.

माझ्याकडे एक मोटारसायकल होती. एकतीस हजारांवर तिच्या मीटरची वायर तुटली. दीडशे-दोनशे रुपयांची वस्तू, पण मी काही ती बदलली नाही. तीन वर्षं गाडी तशीच फिरवली. वणी, मारेगाव, झरी, मुकुटबन, तिकडं कोरपना, चंद्रपूर. रोज कीर्तन, रोज रस्ता. मीटर एकतीस हजारांवर झोपलेलं. मग गाडी विकायची ठरली. विकायच्या आधी मी काय केलं? नवी वायर टाकली. गाडी नीट दिसावी म्हणून! मीटर जागं झालं आणि एकतीस हजारांपासून पुढं चालू लागलं.

मी आकडा मागं घेतला नाही, बरं का. हात लावला नाही.

घ्यायला आला तो भट्टीवर काम करणारा पोरगा. नुकतं लग्न झालेलं. त्यानं मीटर पाहिलं, म्हणाला, "महाराज, एकतीसच चालली?" मी म्हणालो, "मीटर तुझ्यासमोर आहे."

त्यानं पैसे मोजले, पायावर डोकं ठेवलं, गाडी घेऊन गेला.

तो पोरगा फार नेमाचा. ऑइल कधी, चेनसेट कधी, सगळं पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरप्रमाणं. मीटर पाहायचा आणि म्हणायचा, अजून वेळ आहे. चार महिन्यांनी भर रस्त्यात चेन तुटली, मागच्या चाकात अडकली, दोघं पडले. त्याला खरचटलं. तिचं मनगट मोडलं.

तो माझ्याकडं आला. भांडायला नाही आला. हात जोडून म्हणाला, "महाराज, गाडीले काही नजर लागली असन. अंगारा द्या."

आणि मी अंगारा दिला. हे सांगताना अजून जीभ अडखळते.

आठ दिवस झोप नाही. शेवटी ओळखीच्या वकिलांकडं गेलो. नाव दुसऱ्याचं सांगून विचारलं, त्यांना काय कळायचं ते कळलं असेलच. ते म्हणाले, मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यात मीटरसाठी म्हणून वेगळं कलम शोधाल तर नाही. आरसीवर इंजिन नंबर आहे, चेसिस नंबर आहे, किलोमीटरचा रकाना नाही. पण म्हणून मोकळीक आहे असं समजू नका. मीटर मागं घेऊन, ते खरं सांगून पैसे घेतले तर ती फसवणूक. पूर्वीचं ४२० कलम, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८. सात वर्षांपर्यंत कैद, वर दंड. विकणारा व्यापारी असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळाच. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला तर १ एप्रिल २०२३ पासून नियम आहे, ताब्यातली गाडी कुठं, कशाला, किती किलोमीटर फिरवली याची नोंद ठेवायची.

मी विचारलं, "आणि जो नुसता गप्प राहिला, त्याचं काय?"

वकील हसले. म्हणाले, करार कायदा १८७२ चा, कलम १७. नुसतं गप्प राहणं म्हणजे कपट नव्हे. पण जिथं बोलणं कर्तव्य आहे, किंवा जिथं गप्प राहणं हेच बोलण्यासारखं आहे, तिथं ते कपट. आणि जाणूनबुजून झाकून ठेवणं, ते तर कपटच. मग कलम १९ चं एक अंग सांगितलं, की गप्प राहून कपट झालं, पण घेणाऱ्याला साध्या चौकशीत खरं कळण्यासारखं होतं, तर करार मोडता येत नाही. म्हणजे भांडत बसलो असतो तर कदाचित सुटलोही असतो. म्हणालो असतो, साहेब, फुटरेस्टचं रबर पाहायचं होतं, ब्रेकच्या पायट्याची झीज पाहायची होती, सर्व्हिसची बिलं मागायची होती. हे सगळं घेणाऱ्यानं पाहावंच, तुम्हीही पाहत जा. पण महाराजाकडून गाडी घेताना कोण रबर पाहतो?

तुकोबारायांच्या चरित्रात गोष्ट येते. कोकणात मिरच्या विकून ते परत निघाले. वाटेत एक ठग भेटला, त्यानं मुलामा दिलेलं पितळी कडं सोन्याचं म्हणून दिलं आणि तुकोबांच्या गाठीचे पैसे नेले. मी ही गोष्ट कितीदा रंगवून सांगितली असेल. लोक हळहळतात, मीही हळहळतो, कारण दरवेळी आपण तुकोबांच्या बाजूला उभे असतो. त्या आठ दिवसांत पहिल्यांदा वाटलं, कडं विकणारा कोण होता? त्यालाही घरदार असेल. तोही गावात कोणाला तरी म्हणाला असेल, मी कुठं खोटं बोललो, कडं त्याच्यासमोरच होतं.

गेलो त्या पोराच्या घरी. ओट्यावर बसून सगळं सांगितलं. वायर कधी तुटली, कधी टाकली, मधली तीन वर्षं. तो खाली मान घालून ऐकत होता. ती दारात उभी, हात प्लास्टरमध्ये. तिनं पैशाचं विचारलं नाही, हाताचं विचारलं नाही. म्हणाली, "मंग अंगारा काहून देला, महाराज?"

आजपर्यंत मला कोणी इतका अवघड प्रश्न विचारला नाही, आणि मी किती विद्वानांपुढं उभा राहिलो आहे.

गाडी परत घेतो म्हणालो, तो नको म्हणाला, त्याला कामावर जायला लागत होती. मग काही पैसे परत दिले, दवाखान्याचा खर्च दिला, चेनसेट, ब्रेक सगळं नवं करून दिलं. आणि त्यानं एक गोष्ट मागितली, ती मला सुचली नव्हती. म्हणाला, कागदावर लिहून द्या. मी लिहिलं, या गाडीचं मीटर तीन वर्षं बंद होतं, दाखवतं त्यापेक्षा गाडी पुष्कळ जास्त चालली आहे, वायर अमुक दिवशी टाकली. खाली सही केली.

बापहो, मीटर खराब होतं, बदलावंही लागतं. नवं मीटर शून्यापासून सुरू होतं, त्यात गुन्हा काही नाही. त्या दिवशीचं जुनं रीडिंग बिलावर लिहून घ्या, बिल आरसीच्या पाकिटात ठेवा आणि विकताना फॉर्म २९, ३० वर सही करायच्या आधी ते बिल समोरच्याच्या हातात द्या. एवढंच तर आहे. एवढंच मला जमलं नव्हतं.

मागच्या साली त्या पोरानं ती गाडी विकली. विकताना माझा कागद काढून घेणाऱ्याला वाचून दाखवला, माझ्या नावासकट. भाव किती पडला ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

धरा टाळ, मंडळी. विठोबा रखुमाई.