पंढरीचा वारकरी आणि कळफलकावरचा ‘र’

(सोलापूर येथील भाषणाचे शब्दांकन)

आचारी आणि आचार्य या दोन भिन्न व्यक्ती. एकाच्या हाती झारा, दुसऱ्याच्या हाती ग्रंथ. प्रत्यय लागला की एकाचे ‘आचाऱ्यास’ होते, दुसऱ्याचे ‘आचार्यास’. दऱ्या सह्याद्रीत असतात, दर्या कोकणापलीकडे. ‘दर्या’ म्हणताना ‘द’वर आघात येतो, ‘दऱ्या’ म्हणताना येत नाही. हा सूक्ष्म भेद मराठीने लेखनातही जपला. नेमका हाच पापणीसारखा अर्धा ‘र’ संगणकावर हरवू लागला आहे. ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, तेथील पत्रकावर ‘वारकर्यांची सोय’ असे छापले जावे, याला काय म्हणावे?

दोष नेहमीच लिहिणाऱ्याचा नसतो. हे अक्षर संगणकात दोन मार्गांनी सिद्ध होते. एक मार्ग खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडण्याचा, दुसरा, साध्या ‘र्’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालण्याचा. दिसायला दोन्ही सारखे. परंतु मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना ते अदृश्य चिन्ह गळू शकते. ते गळाले की पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार चढतो. शिवाय, शोध घेणाऱ्या यंत्राला ही दोन लेखने निराळी वाटू शकतात. समजा, बोऱ्हाडे आडनावाच्या एखाद्या शेतकऱ्याची नोंद एका पद्धतीने झाली आणि शोध दुसऱ्या पद्धतीने घेतला, तर नाव असूनही सापडायचे नाही. ‘नोंद नाही’ एवढेच ऐकून तो बिचारा गावी परतेल.

यावर साधन उपलब्ध आहे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये आखलेला इन्स्क्रिप्ट कळफलक 1991 च्या भारतीय मानकात समाविष्ट झाला. शिफ्टसह इंग्रजी ‘जे’ची कळ दाबली की ‘ऱ’, ‘डी’ने हलन्त, मग ‘य’. अदृश्य चिन्हाचे कामच नाही. सोलापूरला आणखी एक लाभ. येथील विणकर वस्तीत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडे कन्नड. आणि या कळफलकावर ‘क’ची कळ तिन्ही भाषांना एकच, मोहोळ-करमाळ्यातल्या ‘ळ’चीही एकच. एका भाषेत बसलेला हात दुसरीत सहज चालतो.

‘ॲ’ची कथाही अशीच. ‘ॲडव्होकेट’मधल्या या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते 2008 मध्ये, आणि 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाने त्यास मराठी वर्णमालेत मान्यता दिली. तोवर हिंदीच्या ‘ऍ’वर भागवावे लागे.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘अि’, ‘अु’ अशी रूपे सुचविली, त्यामागे मुद्रण आणि टंकलेखन सुलभ व्हावे हा हेतू होता. तेव्हा यंत्रासाठी लिपीने मुरड घालायची होती. आज यंत्राने लिपीसाठी जागा केली आहे, आणि तरीही ‘वारकर्यां’सारखी रूपे छापली जातात, हे अधिक खटकते.

जुन्या टंकयंत्रावर वळलेली बोटे एका दिवसात नव्या कळांवर वळत नाहीत, हे मान्य. पण आषाढीची पत्रके दरवर्षी निघतात; निदान त्या एका शब्दापुरता ‘जे’ आणि ‘डी’चा सराव मुद्रणालयांनी आताच सुरू करावा.