वस्तू, वास्तू आणि नोंद : चेन्नईच्या संग्रहालयाच्या निमित्ताने

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



हीरक महोत्सवानिमित्त तळमजल्यावरील रिकाम्या वर्गात शाळेचे एक छोटेसे संग्रहालय उभारावे, अशी सूचना माजी विद्यार्थी संघाने केली आहे. देणग्यांची आश्वासने आली आहेत. काहींनी तर वस्तूही आणून दिल्या आहेत. हा विषय मनात घोळत असतानाच दिवाळीच्या सुटीत आम्ही काही शिक्षक तमिळनाडूच्या अभ्यासदौऱ्यावर गेलो आणि चेन्नईच्या एग्मोर भागातील शासकीय संग्रहालयात दोन दिवस घालवले. तेथे जे पाहिले आणि त्यासंबंधी जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवते. आपल्या प्रस्तावाचा निर्णय घेताना त्याचा उपयोग होईल, असे मला वाटते.

हे संग्रहालय १८५१ साली स्थापन झाले. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमनंतर देशातील सर्वांत जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. मद्रास लिटररी सोसायटीच्या आग्रहातून त्याचा जन्म झाला आणि प्रारंभीचा संग्रह होता मुख्यतः दगडमातीच्या भूशास्त्रीय नमुन्यांचा. १८५४ मध्ये ते एग्मोरच्या पॅन्थिऑन नावाच्या वास्तूत आले. त्यापूर्वीच्या काळात मद्रासमधील गोऱ्या समाजाच्या मेजवान्या, नृत्ये आणि नाटके याच पॅन्थिऑनमध्ये होत असत. आज सुमारे १६ एकरांच्या आवारात सहा इमारती आणि ४६ दालने आहेत. इटालियन धाटणीचे अर्धवर्तुळाकार नाट्यगृह तेथे आहे. १८९६ मध्ये खुले झालेले कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय शेजारीच आहे. त्याच आवारात हेन्री आयर्विन या वास्तुशिल्पज्ञाने बांधलेली, फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजाची आठवण करून देणारी गुलाबी दगडाची इमारतही आहे. १९०९ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल हॉल म्हणून ती सुरू झाली; स्वातंत्र्यानंतर तिला राष्ट्रीय कला दालन म्हणू लागले. नाव बदलले, मालक बदलले, वास्तू मात्र तीच राहिली.

पहिले अधिकारी एडवर्ड बाल्फर हे पेशाने शल्यचिकित्सक. नुसते दगड पाहायला लोक येणार नाहीत, हे ओळखून त्यांनी १८५५ मध्ये आवारात एक वाघ आणि एक बिबळ्या आणून ठेवला. लोकांची रीघ लागली! त्यातूनच मद्रासचे प्राणिसंग्रहालय जन्माला आले. पुढे ते पीपल्स पार्कमध्ये आणि अखेर १९८५ साली वंडलूरला गेले. ज्ञान कपाटात बंद ठेवण्यापेक्षा ज्याला अक्षरओळख नाही त्याचेही पाय इकडे वळावेत, ही बाल्फरांची तळमळ होती. शिक्षिका म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

आता मुख्य दालनांकडे वळू या. अमरावतीचे दालन पाहताना मन हरखतेही आणि खंतावतेही. आपल्या महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा आंध्रात पोहोचते, तेथे तिच्या काठी अमरावतीचा महास्तूप होता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास त्याची उभारणी सुरू झाली आणि पुढे काही शतके तो सजत राहिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्नल कॉलिन मॅकेन्झी तेथे पोहोचले, तेव्हा स्थानिक जमीनदाराच्या बांधकामासाठी त्यातील दगड उचलले जात होते. तो चुनखडीचा दगड असल्याने कितीतरी शिल्पे भट्टीत भाजून त्यांचा चुना करण्यात आला. मॅकेन्झींनी १८१६ नंतर आपल्या सहायकांकडून शिल्पांची काळजीपूर्वक रेखाटने करून घेतली. त्यांतील कित्येक शिल्पे आज जगात कोठेही नाहीत. ती आपल्याला ठाऊक आहेत, ती केवळ या कागदांमुळे.

१८४५ मध्ये वॉल्टर एलियट यांनी आणखी शिल्पे खणून काढली आणि मद्रासला पाठवली. ती बरीच वर्षे उघड्यावर ऊनपाऊस खात पडली. त्यांतील शंभरांहून अधिक शिल्पे १८५९ मध्ये जहाजाने लंडनला गेली आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. जी येथे राहिली किंवा पुढील उत्खननांत मिळाली, ती संग्रहालयाच्या भिंतींत सिमेंटने पक्की बसवण्यात आली. हेतू रक्षणाचा होता. पण सिमेंटमधले क्षार आणि ओल यांनी त्या नाजूक दगडाला इजाच केली. एकाच स्तूपाचा एक अंश चुन्यात गेला, एक लंडनला, एक चेन्नईत, थोडा मूळ जागी. नुसत्या सदिच्छेने वस्तू वाचत नाही. तिचा स्वभाव जाणणारी माणसे आणि तिची चोख नोंद, दोन्ही लागतात.

ब्राँझमूर्तींच्या दालनात गेल्यावर माणूस आपोआप हळू बोलू लागतो. चोळांच्या काळातील मूर्ती तेथे आहेत. आधी मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचा लेप चढवायचा, तो भाजून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत तप्त धातू ओतायचा. मूर्ती काढण्यासाठी साचा फोडावा लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. तिरुवालंगाडूचा नटराज हा या दालनाचा मुकुटमणी. फ्रेंच शिल्पकार ऑग्युस्त रोदँ यांनी मद्रासच्या नटराजाची छायाचित्रे पाहिली आणि १९१३ च्या सुमारास त्यावर भारावून लिहिले. अनेक मूर्ती संकटकाळी जमिनीत पुरून ठेवलेल्या होत्या. शेत नांगरताना, पाया खणताना त्या वर आल्या आणि १८७८ च्या भूमिगत धनविषयक कायद्यान्वये सरकारजमा होऊन येथे पोहोचल्या. मूर्तींच्या पीठाला कड्या आणि भोके दिसतात. दांडे ओवून मिरवणूक काढण्यासाठी ती असत. आपल्याकडे पालखीतून देव गावाला भेटायला निघतो, तसे हे देव उत्सवात रस्त्यावर येत. त्यांना स्नान घडे, रेशमी वस्त्रे आणि फुले चढत. काचेमागे आपल्याला त्यांची घडण स्पष्ट दिसते, त्यांचा उत्सव मात्र दिसत नाही. तो पाहणाऱ्याला सांगावा लागतो.

संग्रहालयाच्या इतिहासात सावल्याही आहेत. एडगर थर्स्टन यांनी १८८५ पासून वीसहून अधिक वर्षे येथे अधीक्षकपद भूषवले आणि दक्षिणेतील जातिजमातींवर सात खंडांचा प्रचंड ग्रंथ १९०९ मध्ये सिद्ध केला. माहितीचा तो मोठा साठा खरा. पण त्यासाठी माणसांची डोकी आणि नाके मोजून त्यांचे वर्ग पाडले गेले. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना स्वतःविषयी काय वाटते, हे विचारण्याची रीत त्या काळच्या राज्यकर्त्यांना नव्हती. संग्रह करणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, हे यावरून ध्यानात घ्यावे.

मराठी माणूस थबकतो तो शस्त्रांपाशी. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापले. १८५५ मध्ये तेथील अखेरचे राजे शिवाजी पुत्रसंततीवाचून निवर्तले आणि कंपनी सरकारने ते राज्य संपवले. त्यानंतर तंजावरच्या शस्त्रागारातील तलवारी, कट्यारी, अंकुश मद्रासला या संग्रहालयात आले. त्या कट्यारींच्या मुठींवरचे नक्षीकाम पाहावे : राजा मराठी, कारागिरीचा वारसा दक्षिणी. हे आपले की त्यांचे, असा प्रश्न तेथे उभा राहत नाही.

तंजावरचा मराठी वारसा आणखी दोन रूपांत उरला आहे. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो विस्तीर्ण शिलालेख आजही आपल्या जागी आहे. आणि सरस्वती महाल ग्रंथालय आजही अभ्यासकांसाठी उघडे आहे. तेथे मराठी हस्तलिखिते आहेत, मोडी कागद आहेत. शस्त्रे कपाटात विसावली, शिलालेख भिंतीवर टिकला, पण मोडी वाचणारा कोणी उरला नाही, तर ते कागद दालनातल्या कट्यारीसारखेच मुके होतील. वारसा वाचणाऱ्याच्या डोळ्यांत जगतो.

मित्रहो, येथून मी आपल्या शाळेकडे येते. जो वर्ग आपण संग्रहालयाला देऊ पाहतो, तो रिकामा का आहे, हे आपण सारे जाणतो. पूर्वी पहिलीच्या तुकड्या वाढवाव्या लागत; आता त्या भराव्या लागतात. आपल्यापैकी अनेकांची मुले, नातवंडे इतर माध्यमांत शिकतात. मी कोणाला दोष देत नाही. प्रत्येक घराची विवंचना वेगळी असते. परंतु मनात आलेली शंका बोलून दाखवते : शाळेचे संग्रहालय करता करता शाळाच संग्रहालय होऊन बसणार नाही ना?

म्हणून माझा प्रस्तावाला पाठिंबा आहे, पण तीन अटींवर. पहिली अट, नोंदीची. कोणतीही वस्तू आली की ती कोणी दिली, केव्हा दिली, ती कशी वापरली जाई, हे लिहून घ्यायचे. ढाली आणि चषक आपण ठेवूच. पण पहिल्या वर्षाचे जनरल रजिस्टर, हस्तलिखित अंकांच्या वह्या, शिपाईमामांच्या कंदिलासारख्या साध्या गोष्टीही तितक्याच मोलाच्या आहेत. ज्यांची नावे ढालींवर कोरली गेली नाहीत, त्यांच्याकडूनही आठवणी मागू या. दुसरी अट अशी, की या नोंदी आमच्या विद्यार्थ्यांनी लिहायच्या. सातवी-आठवीची मुले आपल्या घरी येतील, प्रश्न विचारतील आणि ऐकलेले शुद्ध मराठीत उतरवतील. त्यांना वेळ द्या, चहाबरोबर आठवणीही द्या. तिसरी अट घंटेची. पितळी घंटा काचेच्या पेटीत ठेवावी, अशी सूचना प्रेमापोटीच आली आहे. माझी विनंती आहे की ती ओसरीतच टांगलेली राहू द्या आणि रोज सकाळी एखाद्या मुलाच्या हातून वाजू द्या.

जाता जाता एक आनंदाची गोष्ट. ग्रंथप्रदान कायदा, १९५४ नुसार देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत काही ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते आणि संग्रहालयाशेजारचे कॉनेमारा ग्रंथालय त्यांपैकी एक आहे. म्हणजे मराठीत छापलेले पुस्तकही तमिळनाडूच्या राजधानीत जपले जाते. आपल्या या स्मरणिकेची एक प्रत तेथे पाठवण्याची विनंती मी संपादक मंडळाला केली आहे. पुढेमागे कोणी जिज्ञासू तेथे ती उघडील. तेव्हा या पानांवर त्याला केवळ एका शाळेच्या गतवैभवाची यादी मिळावी, की साठाव्या वर्षीही नव्या मुलांना अक्षरे गिरवायला बसवणाऱ्या शाळेचा वृत्तान्त मिळावा, हे आपण येत्या जूनमध्ये पहिलीचा वर्ग भरताना ठरवणार आहोत.